निम्मे गुण घोड्याला

दरवर्षी ऑगस्ट संपत आला की आमच्या घरी एक फोन यायचा. पलीकडे ओरेगनच्या ईशान्य भागातला, युमटिला कौंटीतला एक गव्हाचा शेतकरी असायचा. माझा विषय मृदाशास्त्र. एक वर्ष पडीक ठेवलेल्या जमिनीत पुढच्या पिकासाठी ओल किती टिकते, याची मोजमापं मी त्याच्या शेतात वर्षानुवर्षं घेत असे. "प्रोफेसर, राउंडअपला येताय का? दोन तिकिटं जास्तीची आहेत." मी म्हणायचो, "या वर्षी नाही जमत, सत्र नुकतंच सुरू झालंय." बावीस वर्षं तो विचारत राहिला आणि बावीस वर्षं माझं सत्र नुकतंच सुरू होत राहिलं. निवृत्त झालो तेव्हा सत्र संपलं, मग मी गुडघा पुढे केला.

खरं कारण काय होतं? कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जनावरांचे हाल पाहवत नाहीत. एकदा त्यालाही तसं म्हणालो होतो. त्यावर तो एवढंच म्हणाला, "आधी बघा, मग बोला." पण माझं ते बोलणं पुरतं खरं नव्हतं. त्या हॅटवाल्या, बूटवाल्या गर्दीत आपण एकटेच वेगळे दिसू, ही मनात धास्ती होती. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे पन्नासएक वर्षांपूर्वी इकडे आले, त्यांना ती समजावून सांगायला नको. तिसरंही एक कारण होतं. ते मला तिथे जाऊन बसल्यावर कळलं. त्याच्याकडे येतोच.

गेल्या वर्षी फोन आला तो त्याच्या बायकोचा. तो आदल्या हिवाळ्यात गेला होता. ती म्हणाली, "आमच्या चार खुर्च्या एका रांगेत आहेत. त्याची रिकामी ठेवायची नाही, असं तो सांगून गेलाय." आता गुडघ्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. लांबचं ड्रायव्हिंग मी सोडलं आहे, म्हणून नातीला विचारलं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, जीवशास्त्र शिकते, आणि शाकाहारी आहे. घरची रीत म्हणून नव्हे, तर स्वतः विचार करून, म्हणजे आमच्यापेक्षा कडक. ती म्हणाली, "आजोबा, मी गाडी चालवेन. पण आवडलं पाहिजे अशी अट नाही ना?" अट नव्हती.

पेंडलटन हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ब्लँकेटवर वाचलं असेल. तीच लोकरीची गिरणी, १९०९ सालापासूनची. गाव सतरा हजारांच्या आसपास वस्तीचं. पोर्टलंडहून आय-८४ नं सरळ पूर्वेला सुमारे २१० मैल. कोलंबिया नदीच्या कडेनं जाताना द डॅल्स गावापर्यंत आपला ओळखीचा हिरवा ओरेगन असतो. पुढे झाडं संपतात, डोंगर पिवळे पडतात आणि आपण माणदेशात तर आलो नाही ना, असं वाटायला लागतं. गव्हाची कापणी उरकून नवी पेरणी व्हायची असते, त्या मधल्या मोकळ्या दिवसांत, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इथे राउंडअप भरतो. म्हणजे आपल्याकडच्या जत्रांचंच वेळापत्रक: पिकं घरात आली की मगच देव आणि कुस्त्या. पहिला राउंडअप १९१० साली झाला.

रोडिओ हा शब्द स्पॅनिश. 'रोदेआर' म्हणजे वेढणे. माळावर मोकळी सोडलेली गुरं वर्षातून एकदा वेढून आणायची, कुणाची कुठली ते ठरवायचं, वासरांना डाग द्यायचे, हे मूळ काम. ते करायचे मेक्सिकन 'वाकेरो', म्हणजे गुराखी. त्यांच्याच शब्दाचा इकडे 'बकरू' झाला आणि 'ला रिआता', म्हणजे दोर, त्याचं 'लॅरिएट' झालं. काउबॉयचं मराठी भाषांतर करायचं तर 'गुराखी' यापेक्षा जास्त काही होत नाही. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की समोर बसलेल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. सहा फुटी, मिशाळ, पट्ट्याला बशीएवढं बक्कल. गुराखी!

दुपारच्या उन्हात आम्ही आमच्या खुर्च्यांवर बसलो. माझ्या उजवीकडे शेतकऱ्याची बायको, तिच्या पलीकडे तिची मुलगी, डावीकडे नात. पेंडलटनचं मैदान इतर रोडिओंपेक्षा वेगळं आहे, कारण मधोमध मातीऐवजी हिरवळ आहे आणि तिच्याभोवती मातीची धावपट्टी. पडणाऱ्या माणसाला गवत बरं, पण वेगात वळणाऱ्या घोड्याला ते निसरडं. सुरुवातीला राउंडअपची राणी आणि तिच्या मैत्रिणी घोडे भरधाव सोडून, कुंपणाच्या आडव्या दांड्यांवरून उड्या मारून मैदानात येतात. ते पाहूनच मी खुर्चीच्या पुढच्या कडेवर आलो, हे कबूल करायला हवं.

मग उधळे घोडे. काही खोगिरासह, काही बिनखोगिराचे. लाकडी कप्प्यात घोडा उभा असतो, स्वार वरून अलगद पाठीवर उतरतो, मान हलवतो आणि दार उघडतं. यानंतर आठ सेकंद. एकाच हातानं धरायचं. दुसरा हात घोड्याला, स्वतःला किंवा कशालाही लागला की बाद. पहिल्या उडीत घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतील तेव्हा स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्याच्या वर असल्या पाहिजेत, नाहीतर तिथेच बाद. बैलावर बसणाऱ्याला हा टाचांचा नियम नाही. तिथे आठ सेकंद वर राहिलात तरी पुष्कळ झालं.

आता गुणांची पद्धत. मी जन्मभर पेपर तपासले, त्यामुळे माझं लक्ष उडीवर कमी आणि गुणफलकावर जास्त. साधारणपणे दोन परीक्षक असतात. प्रत्येक जण स्वाराला पंचवीसपैकी गुण देतो आणि जनावराला पंचवीसपैकी. एकूण शंभर. म्हणजे निम्मे गुण घोड्याचे! तो किती उंच उडाला, किती झटके दिले, किती वळला, याचे. स्वारानं कितीही सुंदर बैठक दाखवली आणि घोडा नुसता पळत सुटला, तर गुण पडतात. मग परीक्षक त्याला दुसऱ्या घोड्यावर बसायची संधी देऊ शकतात. पेपर सोपा निघाला म्हणून विद्यार्थ्याला फेरपरीक्षा! चाळीस वर्षांत हे मला सुचलं नाही. माझ्या वर्गात पेपर अवघड होता की सोपा, याचे गुण कुणी मला दिले असते तर कितीदा मी नापास झालो असतो, असं मनात आलं.

खिशातला कागद काढून मीही गुण मांडायला लागलो. परीक्षकांशी माझे जुळेनात. मी घोड्यांना सढळ हातानं द्यायचो आणि माणसांना कंजुषीनं. ऐंशीच्या पुढचे गुण चांगले समजतात. शंभरपैकी शंभर मात्र व्यावसायिक रोडिओच्या इतिहासात एकदाच मिळाले आहेत, आणि तेही आपल्याच राज्यात: १९९१ साली, दक्षिण ओरेगनमधल्या सेंट्रल पॉइंट गावी, वेड लेस्ली नावाच्या तरुणाला, वुल्फमन नावाच्या बैलावर. तेव्हा बैललाही पन्नासपैकी पन्नास मिळाले असणार, हे गणित तुम्हाला सांगायला नको.

आठ सेकंद संपले की दोन घोडेस्वार दोन्ही अंगांनी येतात. एक जण उधळणाऱ्या घोड्यावरून स्वाराला कमरेला धरून उचलून घेतो, दुसरा घोड्याच्या पोटाजवळचा पट्टा सोडवतो. या पट्ट्याविषयी मी बरंच ऐकलं होतं. इंद्रियाला बांधून वेदना देतात वगैरे. तसं नाही. तो कंबरेच्या मागच्या बाजूनं पोटाभोवती असतो, घोड्यांसाठी त्याला लोकरीचं अस्तर असतं आणि तो झटकून टाकण्यासाठी घोडा मागच्या लाथा उंच मारतो. आजकाल हे घोडे उधळण्यासाठीच पैदास केलेले असतात. म्हणजे त्यांना ते आवडतं असं मी म्हणत नाही. घोड्याला काय आवडतं, हे घोडाच जाणे.

परीक्षकांवरून आठवलं, इथल्या १९११ सालच्या निकालाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खोगिराच्या अंतिम फेरीत तिघे होते. जॉन स्पेन, गोरा; जॉर्ज फ्लेचर, काळा; आणि जॅक्सन संडाउन, नेझ पर्स जमातीचा. त्या काळात फ्लेचरसारख्याला बहुतेक ठिकाणी उतरूच देत नसत. इथे उतरू दिलं. तो असा बसला की लोक उभे राहिले. परीक्षकांनी पहिला क्रमांक आणि बक्षिसाचं खोगीर स्पेनला दिलं, फ्लेचरला दुसरा. प्रेक्षक खवळले. तेव्हा गावचा शेरीफ टिल टेलर यानं फ्लेचरची हॅट मागून घेतली, तिचे तुकडे केले आणि ते लोकांना विकून जमलेले पैसे फ्लेचरच्या हातात ठेवले. बक्षिसाच्या खोगिरापेक्षा ती रक्कम जास्त भरली, असं गाव सांगतं. लोकांनी त्याला 'जनतेचा विजेता' म्हटलं, आणि आज तो पेंडलटनच्या मेन स्ट्रीटवर कांस्यात उभा आहे. तिसरा आलेला संडाउन लहानपणी १८७७ च्या नेझ पर्स युद्धातून वाचलेला. चीफ जोसेफ हे त्याचे काका. तो १९१६ साली इथे पहिला आला, तेव्हा त्याचं वय ५३ होतं. केन केसी या ओरेगनच्या कादंबरीकारानं १९९४ साली या तिघांवर एक कादंबरीही लिहिली आहे.

हॅटची गोष्ट इथे सगळे अभिमानानं सांगतात. मला ती आवडली, पण माझ्यातला जुना परीक्षक थोडा अस्वस्थही झाला. प्रेक्षकांनी पैसे दिले, टाळ्या दिल्या, शंभर वर्षांनी पुतळा दिला. निकाल मात्र बदलला नाही. नोंदीत पहिला स्पेनच आहे. विद्यापीठाच्या समित्यांत बसलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: "तुमच्यावर अन्याय झाला हे आम्हाला सगळ्यांना मान्य आहे, चहा घ्या."

"आणि मुली कुठे आहेत?" नातीनं विचारलं. पूर्वी होत्या. बायका उधळ्या घोड्यांवर बसत, आणि चांगल्या बसत. १९२९ साली बॉनी मॅकॅरल या स्वाराचा पाय याच मैदानात रिकिबीत अडकला, घोड्यानं तिला फरफटत नेलं आणि काही दिवसांनी इस्पितळात ती गेली. बायकांच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधण्याची पद्धत होती. त्यानं बसायला सोपं जातं, सुटायला अवघड. त्यानंतर इथे बायकांची ही स्पर्धा बंद झाली. पुरुष मेले तेव्हा पुरुषांची बंद झाली नव्हती, हे नातीनं लगेच निदर्शनास आणलं. बऱ्याच दशकांनी पिपांभोवती घोडा वळवण्याची बायकांची शर्यत आली. ती त्या दिवशी पाहिली. घोडा इतका कलतो की स्वाराचा गुडघा गवताला टेकेल असं वाटतं.

आणि मग वासरांची पाळी आली.

वासराला आधी पळू देतात. मागून घोडेस्वार निघतो, फास टाकतो, घोडा जागच्या जागी थांबतो, दोर ताणला जातो आणि वासरू मानेला हिसका बसून उलटतं. स्वार धावत जातो, त्याला उचलून कुशीवर आपटतो, तीन पाय एका बारक्या दोरीनं बांधतो आणि हात वर करतो. वासरू सहा सेकंद बांधलेलं राहिलं पाहिजे. एरवी सगळा प्रकार दहा-बारा सेकंदांत आटोपतो. शंभर-सव्वाशे किलोचं जितराब असतं ते. माळावर आजारी वासराला औषध द्यायचं तर असंच धरावं लागतं, हे खरं. पण माळावर घड्याळ नसतं, हेही खरं.

तिसऱ्या वासराला नात उठली. "आजोबा, हे थांबवत का नाहीत?" एवढं म्हणून ती जिन्याकडे गेली. मी गुडघा सांभाळत मागोमाग गेलो. स्टँडच्या खाली सावलीत आम्ही उभे राहिलो. वरून टाळ्या ऐकू येत होत्या. माझ्याकडे उत्तरं होती. नियमानुसार पशुवैद्य हजर असतो, हे मी तिला सांगू शकलो असतो. इंग्लंडनं १९३४ सालीच कायदा करून फास टाकण्याचे असे खेळ बंद केले, हेही सांगू शकलो असतो. दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडणं हा तर माझा धंदाच होता. पण तोंडून भलतंच निघालं.

मी तिला आमच्या अण्णांची गोष्ट सांगितली. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी. अण्णांकडे खिल्लारी बैलांची एक जोडी शर्यतीसाठी राखलेली होती. घरात आम्हाला दूध मोजून मिळे, बैलांना अंडी आणि उडदाचं पीठ. मी बारा वर्षांचा असताना जत्रेच्या शर्यतीत अण्णांनी मला छकड्यात मागे बसवलं आणि पराणी हातात दिली. पराणी म्हणजे टोकाला आर, लोखंडी खिळा बसवलेली काठी. "शेवटच्या वळणाला टोच," म्हणाले. मी टोचली. पांढऱ्या कातडीवर रक्ताचा ओघळ मला अजून दिसतो. आम्ही पहिले आलो. गावानं आमच्या अंगावर गुलाल टाकला, बैलांच्याही. त्या गुलालात रक्त दिसेनासं झालं.

"मग तुम्ही परत कधी केलं नाहीत ना?" नातीनं विचारलं.

"केलं. पुढच्या वर्षीही केलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी हट्ट धरून बसलो होतो."

ती काही बोलली नाही. मीही नाही. बावीस वर्षं मी का टाळत होतो, याचं तिसरं कारण हे. मला जनावरांचे हाल पाहवत नव्हते असं नाही; ते पाहताना मला मजा वाटेल, याची भीती होती. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी घातली तेव्हा मी इथे बसून न्यायालयाच्या बाजूनं होतो. २०२३ साली घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला आणि शर्यतींचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा पुतण्यानं पाठवलेला छकड्याचा व्हिडिओ मी रात्री चार वेळा पाहिला. या दोन्ही गोष्टी करणारा माणूस एकच आहे, आणि तो तुम्हाला कुठली बाजू घ्या हे सांगायच्या लायकीचा नाही.

थोड्या वेळानं नात म्हणाली, "वर जाऊ या. पण वासरं संपली की सांगा." आम्ही परतलो तेव्हा शेतकऱ्याच्या बायकोनं काही विचारलं नाही. लेमोनेडचा ग्लास नातीच्या हातात दिला आणि मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही चौदा वर्षांची असताना अशीच उठून गेली होती. आता गुरांची डॉक्टर आहे." पुढे मोठ्या बैलांना फासात धरून, पुठ्ठ्यावरून दोर टाकून पाडण्याचा खेळ झाला. तो आता मोजक्याच ठिकाणी उरला आहे. तो मात्र मला स्वतःलाच पाहवेना. मी कार्यक्रमपत्रिका वाचत बसलो.

जरा हलकं काही सांगतो. रानगाय दुभण्याची स्पर्धा! फासानं गाय धरायची, एकानं तिचं डोकं आवळून धरायचं आणि दुसऱ्यानं बाटलीत चार थेंब दूध काढून रेषेकडे धावत सुटायचं. गाईला माणसाचा हात ठाऊक नाही. आमची आजी वासरू लावायची, पाठीवर थाप द्यायची, काहीतरी गुणगुणायची, तेव्हा कुठे गाय पान्हा सोडायची. इथे भर मैदानात, लाथा झाडणाऱ्या गाईकडून पान्ह्याची अपेक्षा! एक धिप्पाड तरुण तीन वेळा गवतावर लोळला. आजी असती तर म्हणाली असती, "मुडद्या, आधी तिला बसू तर दे."

सगळ्यात जास्त वेळ मनात राहिली ती इंडियन रिले. एक स्वार, तीन घोडे, खोगीर नाही. धावपट्टीला एक फेरी झाली की भरधाव घोड्यावरून उडी टाकायची आणि दुसऱ्या घोड्यावर झेप घ्यायची, अशा तीन फेऱ्या. खाली साथीदार असतात; एकानं येणारा घोडा छातीवर झेलायचा, बाकीच्यांनी पुढचे घोडे शांत धरायचे. पाच-सहा संघ एकाच वेळी, एकाच जागी घोडे बदलतात. धूळ, आरोळ्या, एक घोडा स्वाराविनाच पुढे निघून गेला. आमची सगळी रांग उभी होती. नातीला माझा हात किती घट्ट धरला आहे याचं भान नव्हतं.

ही माणसं पाहुणी नाहीत, यजमान आहेत. युमटिला, कायूस आणि वाला वाला या तीन जमातींच्या एकत्रित राखीव प्रदेशाची हद्द गावाला लागूनच आहे. १८५५ च्या करारात त्यांनी आपली बहुतेक जमीन सोडली. मी ज्या मातीची ओल मोजत होतो ती माती त्यांचीच, हे माझ्या एकाही शोधनिबंधात आलेलं नाही. पहिल्या राउंडअपपासून ते इथे येतात. मैदानाच्या मागे तीनशेहून अधिक टिपींचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूंचं गाव वसतं. संध्याकाळी त्या वाटेनं फिरताना ताज्या भाजलेल्या मांसाचा आणि गवताचा वास येत होता. एक आजी नातवाच्या वेण्या घालत होती. तिनं आमच्याकडे पाहून मान हलवली. त्या हॅटवाल्या गर्दीत वेगळं दिसण्याची धास्ती मला दिवसभरात एकदाही आठवली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

शेवटी बैल. यांच्या दोरीला घंटा बांधतात. आपल्या घुंगुरमाळेसारखी शोभेसाठी नव्हे, तर स्वार पडला की तिच्या वजनानं दोर आपोआप गळून पडावा म्हणून. पहिला बैल बाहेर आला आणि मी जवळजवळ ओरडलोच. त्याला वशिंड होतं! चांगलं डुलणारं वशिंड, गळ्याला पोळी. कृषी महाविद्यालयात कधीतरी वाचून विसरलेलं आठवलं. अमेरिकेतली 'ब्राह्मन' गुरं ही आपल्याकडून गेलेल्या बैलांची संतती. १९२४ साली टेक्ससमध्ये त्यांची संघटना झाली, त्यांना हे नाव मिळालं, आणि ज्या चार मुख्य वाणांपासून ही जात बनली ते म्हणजे गीर, गुजरातचं कांकरेज, नेल्लोरकडचं ओंगोल आणि चौथं कृष्णाकाठचं, ज्याला पुस्तकात 'कृष्णा व्हॅली' म्हणतात. सांगली, बेळगाव, विजापूरच्या काळ्या रानात जू ओढणारं ते वाण आता तिथेही दुर्मीळ झालं आहे. इथल्या उधळ्या बैलांत बऱ्याच वेळा ब्राह्मनचं रक्त असतं. त्यातला कृष्णेचा थेंब किती, कोण मोजणार? पण समोरचा तो करडा बैल मान खाली घालून गोल फिरला, मागचे पाय आभाळाकडे फेकले आणि दुसऱ्याच सेकंदाला स्वार गवतावर पडला. मी बैलाला पंचवीसपैकी पंचवीस दिले. पक्षपात झाला असेल. स्वार खाली पडला की त्या फेरीला गुणच नसतात, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही.

संध्याकाळी निघताना शेतकऱ्याच्या बायकोनं माझ्या हातातला गुणांचा कागद मागून घेतला. वाचून म्हणाली, "तोही असाच कागद करायचा. पण घोड्याला कधी तेवीसच्या खाली देत नसे." कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला. परतीच्या वाटेवर बोर्डमनच्या आसपास अंधार पडला, तेव्हा नातीनं विचारलं, "त्या हंपला मराठीत काय म्हणाला होतात?" मी सांगितलं, वशिंड. तिला 'शिं' नीट जमत नव्हतं. हूड रिव्हरपर्यंत जमलं.

यंदा ऑगस्टच्या शेवटी फोन आला. नातीनं विचारून घेतलं की वासरांच्या वेळी खाली सावलीत बसायला बाक आहे का. आहे म्हणे.

तुम्हाला जायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. बुधवार ते शनिवार असे चार दिवस मुख्य रोडिओ दुपारी असतो. गाव लहान, त्यामुळे राहायची सोय वसंत ऋतूतच करून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं रात्री परतावं लागेल. शुक्रवारी सकाळची मिरवणूक चुकवू नका. तिच्यात मोटार नावाला नसते. घोडे, खेचरं आणि जू मानेवर घेतलेले बैलही असतात, आणि मुलांना जू म्हणजे काय ते दाखवायची ही सोपी जागा आहे. वाटेत हर्मिस्टनचं कलिंगड घ्या. सावलीच्या बाजूची तिकिटं लवकर संपतात. बसायला पातळ उशी हवीच. शाकाहारी मंडळींनी मक्याचं कणीस आणि लेमोनेड यांवर दिवस काढायची तयारी ठेवावी, किंवा घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी आणि आत जाण्याआधी गाडीतच खाऊन घ्यावी. आणि खिशात एक पेन्सिल असू द्या.